तिकीट एकाचं, विमान दुसऱ्याचं

जुनी कागदी विमान-तिकिटं आठवतात का? लाल कार्बनवाली, चेकबुकासारखी. त्यांच्या मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरांत करार छापलेला असायचा, आणि तो कुणीच वाचत नसे. त्यात एक वाक्य असं होतं की गरज पडली तर कंपनी न कळवता दुसरी विमानकंपनी किंवा दुसरं विमान देऊ शकते. जगभर जवळपास सगळ्याच कंपन्यांच्या तिकिटांवर हे वाक्य असे. 1 जून 2008 पासून 'आयाटा'ने कागदी तिकिटं बंद केली. कागद गेला, वाक्य मात्र वेबसाइटवरच्या कुठल्यातरी लिंकच्या पोटात जाऊन बसलं.

आजचा विषय हेच वाक्य. विमान बिघडलं, पायलट आजारी पडला, धुकं आलं, अशा अडचणींसाठी ते लिहिलं गेलं होतं. गेल्या तीसेक वर्षांत त्याचा वेगळाच उपयोग सुरू झाला. तुम्ही तिकीट काढायचं 'मोठ्या' कंपनीचं, आणि उडायचं तिच्या स्वस्तातल्या धाकट्या बहिणीबरोबर!

सुरुवात आपल्या गावापासून करू. नागपूरकराला विमानाचा इतिहास सांगायचा म्हटलं की छाती फुगवून 'नाइट एअर मेल'पासूनच सुरू करावं लागतं. :) जानेवारी 1949 मध्ये ही सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी रात्री विमानं निघायची, मध्यरात्री सोनेगावला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. प्रवासीही त्यात बसत. झोपमोड होणार, मध्यरात्री नागपूरला उतरून विमान बदलावं लागणार, डकोटाची घरघर कानात घुमत राहणार, हे सगळं ठरलेलंच. पण तक्रारीला जागा नव्हती, कारण विमान टपालासाठी आहे आणि आपण त्यातले पाहुणे, हे प्रवाशाला तिकीट काढतानाच माहीत असायचं.

माझ्या मते इथेच सगळा मुद्दा आहे. गैरसोय ही एक गोष्ट झाली आणि न सांगितलेली गैरसोय ही दुसरी. पहिली माणूस सहज सोसतो. एसटीच्या लाल डब्यातून आपण काय कमी फिरलोय?

1 ऑगस्ट 1953 ला आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली. नाइट एअर मेल चालवणारी हिमालयन एव्हिएशनसुद्धा त्यातच गेली. पुढची चाळीस वर्षं 'कुठली कंपनी' हा प्रश्नच नव्हता. विमान म्हणजे इंडियन एअरलाइन्स, विषय संपला. मार्च 1994 मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना पूर्ण परवाने मिळायला लागले. जेट एअरवेज तर 'एअर टॅक्सी' म्हणून मे 1993 पासूनच उडत होती.

मग आपल्याकडची पहिली धाकटी बहीण आली. 1996 मध्ये इंडियन एअरलाइन्सने अलायन्स एअर ही उपकंपनी काढली आणि आपली जुनी बोइंग 737-200 विमानं तिच्याकडे दिली. नवी एअरबस थोरलीकडे, जुनी बोइंग धाकटीकडे. घरात थोरल्याचे कपडे धाकट्याला येतात ना, अगदी तसंच. 17 जुलै 2000 ला याच कंपनीचं एक विमान पाटण्याला कोसळलं आणि 60 माणसं गेली. त्यातली पाच जमिनीवरची होती. चौकशीचा निष्कर्ष वैमानिकांच्या चुकीचा निघाला, त्यामुळे दोष विमानाच्या वयाला देणं बरोबर नाही. पण तेव्हापासून 'आपलं विमान नेमकं कुणाचं आणि किती जुनं' हा प्रश्न सामान्य प्रवाशाच्या तोंडी आला, हे खरं.

खरा गोंधळ सुरू झाला तो 2003 नंतर. कॅप्टन गोपीनाथांची एअर डेक्कन आली. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन त्यांचं बोधचिन्ह, आणि एक रुपयाच्या तिकिटांच्या जाहिराती. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांचे आईवडील पहिल्यांदा विमानात बसले ते या स्वस्ताईमुळेच. पाण्याची बाटली विकत घ्यावी लागली तरी कुणाला वाईट वाटलं नाही, कारण सौदा स्वच्छ होता. कमी पैसे, कमी लाड.

2007 मध्ये दोन मोठे व्यवहार झाले. जेटने एअर सहारा 1450 कोटींना घेतली आणि तिचं 'जेटलाइट' केलं. किंगफिशरने एअर डेक्कनमधला मोठा हिस्सा घेतला. किंगफिशरच्या व्यवहारामागे एक गंमतीदार नियम होता. देशात पाच वर्षं उडाल्याशिवाय आणि ताफ्यात 20 विमानं असल्याशिवाय परदेशी उड्डाणाची परवानगी मिळत नसे. किंगफिशरचा जन्म मे 2005 चा, डेक्कनचा ऑगस्ट 2003 चा. म्हणजे डेक्कनची पाच वर्षं ऑगस्ट 2008 मध्ये भरली, आणि 3 सप्टेंबर 2008 ला किंगफिशरचं पहिलं विमान बंगळुरूहून लंडनला गेलं! थोडक्यात, किंगफिशरने दुसऱ्या कंपनीचं वय विकत घेतलं. (हा नियम 2016 मध्ये बदलला.)

कॉमन मॅनचं काय झालं? डेक्कनची आधी 'सिंप्लिफ्लाय डेक्कन' झाली आणि ऑगस्ट 2008 मध्ये 'किंगफिशर रेड'. म्हणजे नाव आणि रंग थोरलीचे, खुर्च्या धाकटीच्या. फरक आकड्यांत बघा. किंगफिशरच्या दोन वर्गांच्या ए-320 मध्ये 134 खुर्च्या होत्या. डेक्कनच्या त्याच ए-320 मध्ये 180. विमानाची लांबी तीच. 46 माणसं जास्त बसवायची तर जागा कुठून येणार? अर्थातच कुणाच्यातरी गुडघ्यांमधून.

जुलै 2008 मध्ये कच्चं तेल बॅरलला 147 डॉलरपर्यंत चढलं आणि मग मंदी आली. विमानं रिकामी उडायला लागली. मे 2009 मध्ये जेटने 'जेट एअरवेज कनेक्ट' आणलं. विमान जेटचं, कर्मचारी जेटचे, फ्लाइट नंबरही जेटचा, फक्त जेवण विकत! मार्च 2012 मध्ये जेटलाइट आणि कनेक्ट मिळून 'जेटकनेक्ट' झालं. एकाच घरात तीन नावं. प्रवाशाने लक्षात ठेवायचं तरी काय?

आता माझ्यातला प्रोग्रॅमर थोडा जागा होतोय, सांभाळून घ्या. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये एक नियम शिकवतात. बार्बरा लिस्कोव्ह यांनी तो 1987 मध्ये मांडला. साध्या भाषेत असा: जिथे मूळ क्लास अपेक्षित आहे तिथे सबक्लास ठेवला, तरी वापरणाऱ्याला फरक पडता कामा नये. पडत असेल तर तो खरा सबक्लासच नाही, नाव सारखं असलं म्हणून काय झालं. सबसिडिअरी एअरलाइनचं तेच आहे. 'नागपूर ते मुंबई पोहोचवा' एवढंच फंक्शन धरलं तर दोन्ही सारख्या. पण प्रवाशाने पैसे मोजताना पाय ठेवायची जागा, सामानाचं वजन, जेवण, तारीख बदलायची सोय हे सगळं धरलेलं असतं. कंपनी म्हणते, टेस्ट पास झाली, तुम्ही पोहोचलात ना? ग्राहक म्हणतो, अहो, टेस्टच अपुरी आहे!

हे फक्त टाइमपास गणित नाही. घरचंच उदाहरण देतो, कंपनीचं नाव घेत नाही. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मुद्दाम जास्त पैसे देऊन मोकळ्या खुर्च्यांच्या कंपनीचं मुंबईचं तिकीट काढलं, पुढची रांग घेतली. चार दिवस आधी एसेमेस आला, फ्लाइट नंबर बदललाय म्हणून. फोन लावल्यावर पलीकडचा गोड आवाज म्हणाला, "सर, टाइम तो वही है ना?" वेळ तीच होती, खरं आहे. पण विमान धाकटीचं होतं आणि आमची रांग गायब होती. पुढची जागा हवी तर वेगळे पैसे. बाबा म्हणाले, "जाऊ दे रे, सव्वा तासाचाच तर प्रश्न आहे." मुंबईला उतरल्यावर दहा मिनिटं ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. पाय सरळच होईना.

कायदा काय म्हणतो? डीजीसीएचे 2010 चे नियम आहेत. त्यात जागा असून बसू न देणं, उड्डाण रद्द होणं आणि उशीर यांची भरपाई आहे. फेब्रुवारी 2023 पासून आणखी एक चांगली सुधारणा झाली. तुम्हाला वरच्या वर्गातून खालच्या वर्गात बसवलं तर देशांतर्गत प्रवासात तिकिटाचे 75 टक्के पैसे परत. पण शब्द बघा, 'वर्ग'. बिझनेसवाल्याला इकॉनॉमीत बसवलं तर भरपाई. इकॉनॉमीवाल्याला दुसऱ्या कंपनीच्या चिंचोळ्या इकॉनॉमीत बसवलं तर कागदावर वर्ग तोच राहतो! बहुसंख्य प्रवासी नेमके या फटीत पडतात. आंतरराष्ट्रीय कायद्यातही 1961 च्या ग्वाडालाहारा करारापासून 'तिकीट देणारी कंपनी' आणि 'प्रत्यक्ष नेणारी कंपनी' असा फरक केलेला आहे, पण तो अपघात, सामान आणि उशिराच्या जबाबदारीसाठी. गुडघ्यांसाठी नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. मुंबई-दिल्लीसारख्या मार्गावर बिझनेस क्लास भरतो. नागपूरसारख्या मार्गावर तो भरवणं अवघड. रिकाम्या मोठ्या खुर्च्या उडवण्यापेक्षा तिथे स्वस्त विमान ठेवणं हा साधा हिशोब आहे, आणि तसं केलं नाही तर कदाचित ते उड्डाणच बंद होईल. त्यामुळे अशा बदलाचा पहिला फटका बसतो आपल्यासारख्या शहरांना. 'मेट्रो'ला थोरली, बाकीच्यांना धाकटी.

आणि हा हिशोब दरवेळी बरोबर निघतो असंही नाही. अमेरिकेत कॉन्टिनेंटल लाइट 1993 मध्ये आली, 1995 मध्ये गुंडाळली. युनायटेडची 'टेड' 2004 ते 2009. आपल्याकडे सप्टेंबर 2011 मध्ये किंगफिशरने 'रेड' बंद करायचं जाहीर केलं, आणि 2012 च्या ऑक्टोबरात थोरलीच बंद पडली. डिसेंबर 2014 मध्ये जेटने 'कनेक्ट' मोडीत काढून सगळीकडे पुन्हा जेवण सुरू केलं. (स्वस्त तिकीट काढून फुकट जेवण मिळालेल्यांपैकी कुणी तक्रार केल्याचं मी तरी ऐकलं नाही. :)) एप्रिल 2019 मध्ये जेटही थांबली.

लुफ्तान्साने थोडं वेगळं केलं. 2013 पासून फ्रँकफर्ट आणि म्युनिक वगळता युरोपातली आपली उड्डाणं तिने टप्प्याटप्प्याने जर्मनविंग्सकडे दिली. पण तिथे तीन प्रकारची तिकिटं ठेवली, आणि सगळ्यात वरच्या प्रकारात पुढच्या रांगा, मोकळी जागा, खाणं. म्हणजे जुन्या ग्राहकाला निदान 'पूर्वीसारखं' विकत घेता येत होतं.

आता आजचं. जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली. एअर इंडिया एक्स्प्रेस ही 2005 पासूनची स्वस्त उपकंपनीही तिच्याबरोबर गेली. नागपूरचा तिच्याशी एक आडवळणाचा संबंध आहे. 2006 च्या सुरुवातीच्या ज्या 68 बोइंगच्या ऑर्डरमध्ये एक्स्प्रेसची 18 विमानं होती, त्याच ऑर्डरच्या बदल्यात बोइंगने मिहानमधलं विमान-दुरुस्ती केंद्र बांधून दिलं. ते 2015 मध्ये सुरू झालं. 1 ऑक्टोबर 2024 ला पूर्वीची एअरएशिया इंडिया एक्स्प्रेसमध्ये विलीन झाली, आणि 12 नोव्हेंबर 2024 ला विस्तारा एअर इंडियामध्ये. त्यानंतर अनेक देशांतर्गत मार्ग थोरलीकडून धाकटीकडे गेले.

विस्ताराच्या विलीनीकरणातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. पूर्वीच्या विस्ताराच्या उड्डाणांना 2 ने सुरू होणारे चार आकडी नंबर दिले गेले. लोकांना हे समजल्यावर ते तिकीट काढताना 2 चा आकडा शोधायला लागले! म्हणजे नाव बदललं, रंग बदलला, तरी प्रवासी आपल्या खुर्चीचा माग काढत राहिला. मोकळी खुर्ची लोकांना नकोच असते, फक्त भाडं हवं असतं, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. कंपनीने मार्ग कुणाकडेही द्यावा, तो तिचा धंदा आहे. पण तिकीट विकल्यानंतर दिला तर एसेमेसमध्ये फक्त नंबर न कळवता काय काय बदललं ते सांगावं: खुर्ची, सामान, जेवण. पूर्ण परताव्याचा पर्याय त्याच एसेमेसमध्ये द्यावा. आणि जो जाईल त्याला दोन भाड्यांतला फरक न मागता परत मिळावा. डीजीसीएला 'वर्गा'साठी 75 टक्क्यांचा नियम करता येतो, तर 'कंपनी'साठीही करता येईल.

तोपर्यंत आपण काय करायचं? तिकीट काढताना फ्लाइट नंबरच्या खाली विमान प्रत्यक्ष कोण चालवतंय ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते वाचायचं. त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवायचा. बदलाचा एसेमेस आला की 'ओके' दाबण्याआधी फोन करायचा, कारण एकदा ओके दाबलं की तुम्ही बदल मान्य केला असंच धरलं जातं. आणि घरच्या मोठ्या माणसांचं तिकीट असेल तर दोन दिवस आधी सीटचा नकाशा पुन्हा उघडून बघायचा. त्यांचे गुडघे तुमच्याकडे तक्रार करणार नाहीत, ते "जाऊ दे रे" म्हणतील.

असो. फार लांबलं. तर्री पोहे थंड होतायत.