कालियाच्या पलीकडचे विजू खोटे

‘शोले’मधला (१९७५) कालिया तुम्हाला आठवतोच. गब्बरसमोर थरथरतो, वाचलो म्हणून हसतो आणि तेवढ्यात गोळी. काही मिनिटांचं काम. पण विजू खोटे यांची कारकीर्द लोक त्याच मिनिटांत गुंडाळून टाकतात.

आता आम्हा विज्ञानवाल्यांच्या सवयीने बघूया. प्रत्येक कलाकार म्हणजे एक ठिपका. दोघांनी एकत्र काम केलं की मध्ये रेघ. नायकाभोवती रेघा खूप, पण बऱ्याचदा एकाच कोपऱ्यात. खोटे मात्र कोपरे जोडतात. इकडे ‘शोले’, तिकडे १९८८चा ‘अशी ही बनवाबनवी’. (या दोन्हींत सचिनही आहेत, पण त्यांना कोण विसरतंय!) मग १९९३ साली ‘जबान संभाल के’ या मालिकेत हिंदी शिकायला आलेला विठ्ठल बापूराव पोटे आणि पुढच्याच वर्षी ‘अंदाज अपना अपना’मधला रॉबर्ट. घरात तर त्याहून जुना धागा: वडील नंदू खोटे मूकपटांतले नट, दुर्गा खोटे काकू, शुभा खोटे बहीण.

श्रेयनामावलीतली पहिली तीनच नावं घेऊन हे जाळं काढलं, तर असे ठिपके गळतात. मग मराठी सिनेमा, हिंदी सिनेमा आणि टीव्ही ही वेगवेगळी बेटं वाटू लागतात, आणि आपण तसाच इतिहास लिहून मोकळे होतो.

३० सप्टेंबर २०१९ला खोटे गेले. तीनशेहून जास्त चित्रपट केले होते त्यांनी. बातम्यांच्या मथळ्यांत मात्र पुन्हा कालियाच.