'मांबो?' : एका छोट्या एसएमएसचा इतिहास

जुलै १९९६ मध्ये आपल्या कॅनडात, व्हँकुव्हरला, आंतरराष्ट्रीय एड्स परिषद भरली होती. तीन औषधे एकत्र दिली तर एचआयव्ही आटोक्यात ठेवता येतो, ही आशा तिथून जगभर पोहोचली. अट एकच: गोळ्या रोज, न चुकता, जन्मभर घ्यायच्या. खाडे पडू लागले की विषाणू पुन्हा डोके वर काढतो आणि हळूहळू औषधालाही दाद देईनासा होतो.

मी सॉफ्टवेअरवाला. असा प्रश्न समोर आला की आम्हाला पहिला सुचतो तो गजर! वेळ झाली की फोन वाजवा, काम फत्ते. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

कॅनडाचे डॉ. रिचर्ड लेस्टर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये केनियात ५३८ रुग्णांवर 'वेलटेल' हा प्रयोग सुरू केला. सुमारे निम्म्या रुग्णांना दर आठवड्याला दवाखान्यातून एक एसएमएस जाई: 'मांबो?' म्हणजे स्वाहिलीत 'कसं काय?' त्यात ना गोळीचा उल्लेख, ना आजाराचा. रुग्णाने 'सावा', म्हणजे ठीक, किंवा 'शिदा', म्हणजे अडचण आहे, असे कळवायचे. अडचण असली किंवा ४८ तासांत उत्तर आले नाही, तर दवाखान्यातून माणूस फोन करी. वर्षभराने विषाणू आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण या गटात ५७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४८ टक्के भरले. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने हे निष्कर्ष छापले. पुढे ही पद्धत व्हँकुव्हरच्या ओक ट्री क्लिनिकमध्येही वापरून पाहिली गेली.

दक्षिण भारतात ६३१ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. तिथे दर आठवड्याला संगणकाकडून आपोआप फोन आणि एक चित्रसंदेश जाई. उपचारांच्या यशात फरक दिसला नाही. देश वेगळे, रुग्ण वेगळे, तेव्हा सरळ तुलना करू नये. तरी मला वाटते, खरे बळ आठवण करून देण्यात नसून उत्तर ऐकून घेण्यात असावे.

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील तिकडे एकटे असतात. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्यांसाठी आपण त्यांच्या फोनवर गजर लावून देतो. जरूर लावावा. पण त्यांच्याकडून 'शिदा' आले, किंवा काहीच आले नाही, तर फोन कोण करणार, हेही त्याच दिवशी ठरवावे.