उंदरांच्या पिंजऱ्यापासून माकडतापापर्यंत

संकेश्वर-बांदा रस्ता आपल्या गडहिंग्लजमधून, आजऱ्यावरून आंबोलीचा घाट उतरतो. त्या बाजूच्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडताप पसरला, तेव्हा रुग्णांच्या रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासले गेले. हा विषाणू त्या संस्थेच्या जुन्या ओळखीचा. ती ओळख पटवली होती उंदरांनी.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ मध्ये पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर उभे केले; तीच आजची ही संस्था. डास-गोचिडांतून पसरणारे विषाणू शोधणे हे त्याचे मुख्य काम. पीसीआर तेव्हा स्वप्नातही नव्हते. पीतज्वराचा विषाणू उंदराच्या मेंदूत वाढतो, हे मॅक्स थायलर यांनी १९३० मध्ये दाखवले होते. तीच वाट पुण्याने धरली.

रुग्णाच्या रक्ताचा किंवा वाटलेल्या गोचिडांचा ०.०२ मिलिलिटर द्राव पांढऱ्या उंदराच्या एक-दोन दिवसांच्या पिल्लाच्या मेंदूत टोचायचा आणि रोज पिंजरा उघडून बघायचे. या वयात कातडी इतकी पातळ असते, की पोटातले दूध बाहेरून पांढरे दिसते. ज्याच्या पोटात दूध नाही, जे आईपासून लांब एकटे पडले आहे, त्याच्यावर आधी नजर. मग अंगाला कापरे, तोल जाणे, उताणे केल्यावर सुलटे न होता येणे, मागचे पाय लुळे पडणे, झटके. कॉक्सॅकी विषाणूंच्या एका गटाने पिल्लू लुळे पडते, दुसऱ्या गटाने ते थरथरते आणि ताठरते. म्हणजे लक्षणावरूनच विषाणूच्या गटाचा माग लागे.

पण पिल्लू मेले म्हणजे विषाणू सापडला, असे नव्हे. सुईने इजा झाली, आईने टाकले, जिवाणू शिरले, तरी ते मरते. म्हणून टोचल्यानंतर लगेच मेलेली पिल्ले हिशेबात धरत नसत. आजारी पिल्लाचा मेंदू नव्या पिल्लांना टोचत आणि तीच लक्षणे पुन्हा दिसतात का, ते पाहत. माझ्या मते संस्थेची खरी पुंजी ही चिकाटी होती.

१९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली. पीतज्वर भारतात शिरला की काय, ही धास्ती होती. टेलफोर्ड वर्क आणि हॅरोल्ड ट्रॅपिडो यांच्या पथकाने माकडतापाचा हा विषाणू वेगळा केला. तो निघाला रशियातल्या गोचीड-मेंदूज्वराचा भाऊबंद. १९६५ मध्ये नागपूरच्या रुग्णांत चांदीपुरा विषाणू सापडला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशातल्या साथीत १८३ मुले दगावली, तेव्हा त्याची दाहकता कळली.

१९६७ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनचा आधार सुटला. त्याच वर्षी संस्थेतल्या के. आर. पी. सिंग यांनी डासांच्या अळ्यांपासून पेशी वाढवून दाखवल्या. जगभर वाखाणलेल्या या कामामुळे उंदरांवरचा बराच भार पुढे हलका झाला. १९७८ मध्ये संस्था 'राष्ट्रीय' झाली, डॉ. खोर्शेद पावरी तिच्या संचालक झाल्या. २०१२ मध्ये पाषाणला सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा आली.

उंदराकडे बघण्याची शिस्तही दरम्यान बदलली. औषधांचा मेंदूवरचा परिणाम तपासण्यासाठी सॅम्युअल आयर्विन यांनी १९६८ मध्ये निरीक्षणांचा पद्धतशीर तक्ता मांडला: चाल, पकड, दचकणे, अंगाचे तापमान. जनुक बदललेल्या उंदरांसाठी १९९७ मध्ये 'शिर्पा' ही टप्प्याटप्प्याची तपासणी आली. आपल्या तालुक्यात महागावला फार्मसी शिकणारी मुले आता अभ्यासक्रमानुसार असे प्रयोग संगणकावर पाहतात. प्राण्यांचे हाल टळतात, हे योग्यच आहे. पण पडद्यावरच्या उंदराचीही चाल त्यांनी मन लावून पाहावी.

आजरा-चंदगडकडे काजूच्या बागेत जाणाऱ्यांना एक विनंती. मेलेले माकड दिसले तर हात लावू नका, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला लगेच कळवा.