'मी तो मीच' : याला साक्षीदार कोण?

वाङ्मयाच्या अभ्यासकाला नावांची अनेकता नवी नाही. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, कविता 'गोविंदाग्रज' या नावाने, तर विनोदी लेख 'बाळकराम' या नावाने. वाचकांसमोर कोणत्या नावाने यायचे, हे त्यांचे त्यांनी ठरविले. महाजालावरही हा अधिकार माणसाच्या हाती राहावा म्हणून काही प्रयत्न झाले. ते बहुतांशी फसले. तरीही, किंबहुना म्हणूनच, त्यांचा इतिहास आम्हांस मननीय वाटतो.

परवलीचा शब्द संगणकात आला तो १९६० च्या दशकाच्या आरंभी, एमआयटी या संस्थेतील एका सामायिक यंत्रावर. यंत्र एक, शब्द एक. महाजालाने हे गणित मोडले. जितकी संकेतस्थळे तितके शब्द झाले. १९९९ साली मायक्रोसॉफ्टने 'पासपोर्ट' ही सेवा आणून एका खात्यावर अनेक दारे उघडण्याची सोय केली. परंतु कोण कोठे गेला याची नोंद एकाच कंपनीच्या वहीत का जावी, असा आक्षेप लवकरच उभा राहिला.

२००५ साली त्याला दोन उत्तरे मिळाली. 'लाइव्हजर्नल'चे जनक ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी 'ओपनआयडी' मांडले : माणसाची ओळख म्हणजे त्याचा एक जालपत्ता, आणि त्याची ग्वाही त्याने स्वतः निवडलेले स्थळ देईल. त्याच वर्षी, खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये असलेल्या किम कॅमेरॉन यांनी ओळखीचे सात नियम लिहिले. त्यांतील पहिला संमतीचा, दुसरा कामापुरतीच माहिती देण्याचा. या विचारातून आलेली 'कार्डस्पेस' ही प्रणाली विंडोज व्हिस्टासोबत वापरकर्त्यांपर्यंत पोहोचली. ती जणू ओळखपत्रांचे पाकीटच होती. स्वतः बनविलेले एकच पत्र दोन स्थळांना दाखविले, तरी प्रत्येकाला निराळी खूण मिळे. त्यामुळे दोघांना आपापल्या नोंदी त्या खुणेवरून जुळविता येत नसत.

ओपनआयडीत एक उणीव होती. लबाड स्थळ वापरकर्त्याला त्याच्या ग्वाहीदाराच्या हुबेहूब नकली पानावर धाडू शके. २००७ साली व्हेरिसाइन कंपनीने फायरफॉक्ससाठी काढलेले 'सीटबेल्ट' हे प्लगइन नेमकी ही फसवणूक ओळखण्यासाठी होते. संकेतस्थळ आपले हित पाहते, ग्वाहीदार आपले. वापरकर्त्याच्या बाजूने उभा राहू शकेल असा एक ब्राउझरच. प्लगइनांमागचा खरा विचार आमच्या मते हा होता.

तो रुजला नाही, याची कारणे व्यावहारिक आहेत. प्लगइन शोधून बसवावे लागे. परक्या यंत्रावर आपले पाकीट हाताशी नसे. वापरकर्ते नाहीत म्हणून स्थळे थांबली, स्थळे नाहीत म्हणून वापरकर्ते. २००८ साली 'फेसबुक कनेक्ट' आले. काही बसवायचे नाही, केवळ एक कळ दाबायची. पाहुण्याला सुलभता मिळाली, स्थळाला त्याचे नाव आणि मित्रपरिवार. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने कार्डस्पेसचा विकास थांबविला. त्याच वर्षी मोझिलाने सुरू केलेली, पुढे 'पर्सोना' म्हणून ओळखली गेलेली योजनाही ३० नोव्हेंबर २०१६ रोजी बंद झाली.

मार्च २०१९ मध्ये 'वेबऑथन' हे जालाचे अधिकृत मानक ठरले आणि २०२२ पासून त्यावर आधारलेल्या 'पासकी' सर्वत्र येऊ लागल्या. त्यांत गुप्त किल्ली संकेतस्थळाला कधीच दिली जात नाही. स्थळागणिक किल्ली वेगळी असते आणि नकली पानावर ती चालत नाही. सीटबेल्टची दक्षता आणि कार्डस्पेसच्या निराळ्या खुणा अशा रीतीने ब्राउझरमध्येच येऊन वसल्या.

मात्र वारसा अर्धाच आला. पासकी 'हा तोच' एवढे सिद्ध करते. त्याने कोणते नाव सांगावे, किती सांगावे, हे अजूनही समोरच्या स्थळाचा अर्ज ठरवितो. कॅमेरॉन यांचा दुसरा नियम पाळला जाण्याची वाट पाहत आहे. टोपणनावांचा इतिहास शिकविणाऱ्या आपल्या विषयाने तरी या नियमाकडे निव्वळ तंत्रज्ञांची बाब म्हणून पाहू नये, असे आम्हांस वाटते.