पिशवीची कुळकथा

बीडकडच्या ऊसतोड बायांच्या बोलण्यात ‘पिशवी काढली’ हे शब्द दाढ काढल्याइतक्या सहज येतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. पाळीमुळे पडणारा खाडा, त्यावरचा दंड, आणि ‘ठेवलीस तर कॅन्सर होईल’ ही दाखवलेली भीती, अशी कारणे पुढे आली.

पोटातल्या दुखण्याचे खापर गर्भाशयावर फोडण्याची खोड जुनीच. ग्रीक भाषेत गर्भाशय म्हणजे ‘हिस्टेरा’. ‘हिस्टेरेक्टॉमी’ त्यातूनच आली, आणि ‘हिस्टेरिया’ही. पोट उघडून ही पिशवी काढायला सुरुवात झाली तीही चुकीच्या निदानातून. १८४३ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स क्ले यांनी अंडाशयाची गाठ समजून पोट उघडले, तर गाठ गर्भाशयाची. ती बाई दगावली. दहा वर्षांनी अमेरिकेत बर्नहॅम नावाच्या डॉक्टरांचीही तशीच गफलत झाली. त्यांची रुग्ण मात्र जगली.

पण पोटातला प्रत्येक कॅन्सर गर्भाशयात उगवत नाही. पोटाच्या पोकळीला आतून जे पातळ अस्तर असते, त्याच्या कॅन्सरची ओळख पटायला आणखी शतक गेले. १९५९ मध्ये स्वर्डलो नावाच्या डॉक्टरांनी एक रुग्ण नोंदवली: गाठ थेट अंडाशयाच्या कॅन्सरसारखी, पण उगवलेली ओटीपोटाच्या अस्तरावर. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आणखी चक्रावणारी नोंद आली. घराण्यात अंडाशयाचा कॅन्सर म्हणून २८ जणींची अंडाशये आधीच काढली होती. तरी तिघींच्या पोटात तसाच कॅन्सर पसरला. २००१ मध्ये डच संशोधकांना अशा जोखमीच्या स्त्रियांच्या काढलेल्या गर्भनलिकांत कॅन्सरपूर्व बदल सापडले. यातल्या बऱ्याच कॅन्सरचे मूळ नलिकेच्या टोकाशी असावे, असे आता मानतात. २०१४ पासून अंडाशय, नलिका आणि अस्तर या तिन्हींच्या कॅन्सरचे टप्पे एकाच कोष्टकात मोजले जातात.

मूळ गर्भाशयात नाही, तर मग या कॅन्सरमध्ये पिशवी का काढतात? कारण तेच अस्तर गर्भाशयावरूनही पसरलेले असते, आणि गर्भाशयाच्या मागच्या खोलगट जागेत कॅन्सरचे कण हमखास साठतात. शिवाय अंडाशये आणि नलिका तपासल्याशिवाय मूळ कुठले ते ठरत नाही. म्हणून त्यांच्यासोबत गर्भाशय आणि आतड्यांवरचा चरबीचा पडदाही काढतात. डोळ्यांना दिसेल असा कॅन्सर मागे ठेवायचा नाही, हा खरा हेतू. डॉ. जो मिग्ज यांनी १९३४ मध्येच ही दिशा दाखवली होती. १९७५ मध्ये डॉ. ग्रिफिथ्स यांनी आकड्यांनी दाखवून दिले की मागे उरलेली गाठ जितकी लहान, तितके आयुष्य जास्त. जोडीला केमोथेरपी लागतेच. रोग फार पसरलेला असेल तर तिचे काही डोस आधी देऊन मग शस्त्रक्रिया करतात.

म्हणजे या कॅन्सरमध्ये पिशवी काढणे हा मोठ्या साफसफाईतला एक भाग आहे. निरोगी पिशवी आधीच काढून ठेवल्याने हा कॅन्सर टळत नाही. म्हणून पिशवी काढलेल्या बाईनेही पोट सतत फुगत असेल, दोन घासांत भरत असेल किंवा पोटात पाणी होत असेल, तर ‘गॅस असेल’ म्हणून दिवस ढकलू नयेत. तपासून घ्यावे, आणि पिशवी काढलेली आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.