आभासी यंत्रांचे आयपी पत्ते व राउटिंग

एका संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरच्या आधारे चालणारा दुसरा संगणक म्हणजे आभासी यंत्र, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन. ज्याच्यावर ते चालते तो होस्ट आणि आत चालते ते गेस्ट. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० आणले तेव्हा ही सोय मोठ्या यंत्रांपुरती होती. २००७ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये केव्हीएम आले, व्हर्च्युअलबॉक्सही त्याच वर्षी खुले झाले. आता सर्व्हर, राउटर आणि क्लायंट असे सगळे नेटवर्क एका लॅपटॉपवर उभे राहते.

राउटर-स्विचची प्रयोगशाळा हाताशी नसेल तिथे याचे मोल फार मोठे आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातील ईट गावी एखाद्या विद्यार्थ्याने मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हा सराव मांडला, तर पहिली अडचण ब्रिज पद्धतीत येते. या पद्धतीत गेस्टला होस्टच्याच नेटवर्कमधला स्वतंत्र पत्ता मिळतो. मात्र हॉटस्पॉट फक्त जोडलेल्या वाय-फाय कार्डाचाच मॅक पत्ता ओळखतो. लिनक्सच्या साध्या ब्रिजमध्ये असे कार्ड बसतच नाही. व्हर्च्युअलबॉक्स मॅक पत्ता बदलून वाट काढते, पण दरवेळी ते साधतेच असे नाही.

म्हणून अशा ठिकाणी दोन कार्डांची मांडणी सोयीची.

पहिले कार्ड नॅटचे, म्हणजे होस्टच्या पत्त्याआडून बाहेर जाणारे, इंटरनेटसाठी. व्हर्च्युअलबॉक्स त्यावर गेस्टला एरवी १०.०.२.१५ हा पत्ता देते, गेटवे १०.०.२.२. प्रत्येक गेस्टचे नॅट स्वतंत्र असल्याने सगळ्यांना हाच पत्ता मिळतो आणि या कार्डावरून गेस्ट एकमेकांना दिसत नाहीत. दुसरे कार्ड होस्ट-ओन्ली, म्हणजे फक्त होस्ट आणि गेस्ट यांच्यातले. त्याचे नेटवर्क १९२.१६८.५६.०/२४ असते आणि होस्टकडे १९२.१६८.५६.१, थोडक्यात ५६.१, हा पत्ता राहतो. दोन्ही पत्ते १९९६ मध्ये खाजगी वापरासाठी ठरवून दिलेल्या पट्ट्यांतले आहेत. केव्हीएमसोबतचे लिबव्हर्ट आपल्या नॅट नेटवर्कसाठी एरवी १९२.१६८.१२२.०/२४ वापरते.

खरी कसोटी दोन वेगळ्या होस्ट-ओन्ली नेटवर्कांतले गेस्ट जोडताना लागते. समजा, एक गेस्ट ५६.१० वर आहे, दुसरा ५७.१० वर आणि लिनक्स होस्ट दोन्हीकडे .१ वर. होस्ट दोघांनाही पिंग करतो, तरी गेस्ट एकमेकांपर्यंत पोचत नाहीत, कारण लिनक्समध्ये आयपी फॉरवर्डिंग मुळात बंद असते. ते सुरू केले तरी काम अर्धेच होते. गेस्टचा डिफॉल्ट मार्ग नॅटकडे जातो, त्यामुळे ५७.०/२४ साठी ‘५६.१ मार्गे’ अशी वेगळी नोंद पहिल्या गेस्टमध्ये करावी लागते. बहुतेक जण इथेच थांबतात आणि चूक फायरवॉलमध्ये शोधू लागतात. परतीचा मार्गही तितकाच आवश्यक आहे: दुसऱ्या गेस्टमध्ये ५६.०/२४ साठी ‘५७.१ मार्गे’ अशी नोंद नसेल, तर विनंती पोचते आणि उत्तर नॅटच्या कार्डावरून भलतीकडे निघून जाते.

दुसऱ्या गेस्टवर पॅकेट दाखवणारा टीसीपीडम्प लावला की हे डोळ्यांसमोर दिसते: एका कार्डावर विनंती आलेली, दुसऱ्यावर उत्तर निघालेले. फायरवॉलचा संशय धरावा तो होस्ट विंडोजवर असताना. तिथे होस्टहून गेस्टला पिंग होते, उलट होत नाही, कारण विंडोज फायरवॉल येणारे पिंग बहुधा अडवते.

आयपी कमांडने दिलेला मार्ग यंत्र पुन्हा सुरू होताच पुसला जातो. तो टिकवायचा तर उबंटू सर्व्हरवर नेटप्लॅनच्या फाइलमध्ये लिहावा लागतो. फॉरवर्डिंगची नोंद होस्टच्या सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये जाते.