पंच्याऐंशीची कुळकथा

पोकेमॉनमध्ये तोच हल्ला त्याच प्रतिस्पर्ध्यावर दोनदा केला, तरी मार दोन्ही वेळा सारखा बसेलच असं नाही. हिशेब करताना खेळ ८५ ते १०० मधला एक आकडा उचलतो आणि तेवढे टक्केच मार लागू करतो. वरची मर्यादा १०० का, हे कुणालाही कळेल. पण खालची ८५ च का? ८० किंवा ९० का नाही? याचा माग काढत मागे गेलं, की आपण १९९६ साली गेम बॉयवर आलेल्या पहिल्या पोकेमॉनपर्यंत पोहोचतो. तिथे ८५ सापडत नाही, सापडतो २१७.

त्याआधीची वाट थोडक्यात सांगतो. १९८६ च्या ड्रॅगन क्वेस्टमध्ये हल्ल्याच्या ताकदीतून बचावाचा अर्धा भाग वजा होई आणि उरलेल्यावर मार ठरे. सातोशी ताजिरी यांच्या गेम फ्रीकने पोकेमॉनसाठी वजाबाकी सोडून भागाकार घेतला: हल्ला भागिले बचाव. त्यामुळे बचाव कितीही मोठा असला तरी हिशेब उणे होत नाही.

पहिल्या आवृत्तीतला हिशेब ब्लास्टॉइज आणि चारिझार्ड या दोन पोकेमॉनवर करून पाहू. पाण्याच्या हल्ल्यात हल्ला आणि बचाव दोन्हींच्या जागी येणारा आकडा, म्हणजे मूळ स्पेशल, दोघांचा तेव्हा ८५ होता, म्हणून दोघं सारखेच वाढलेले धरले तर भागाकार बरोबर १ येतो. (हा ८५ वेगळा, त्याचा आपल्या ८५ शी संबंध नाही.) ब्लास्टॉइज लेव्हल ५० चा आहे आणि त्याने ९५ ताकदीचा सर्फ हा पाण्याचा हल्ला केला. लेव्हलची दुप्पट १००, भागिले ५ म्हणजे २०, अधिक २ म्हणजे २२. २२ गुणिले ९५ म्हणजे २०९०. त्याला ५० ने भागून अपूर्णांक टाकला की ४१, त्यात २ मिळवून ४३. ब्लास्टॉइज स्वतः पाण्याचा, म्हणून निम्मी भर: ४३ अधिक २१, म्हणजे ६४. चारिझार्ड आगीचा, म्हणून दुप्पट: १२८. आधी गुणाकार आणि मग भागाकार, हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. गेम बॉयच्या आठ बिटांच्या प्रोसेसरला गुणाकार-भागाकाराची आज्ञाच नव्हती, अपूर्णांक तर दूरच. ही कामं प्रोग्रॅमरने बेरीज, वजाबाकी आणि बिट सरकवून करून घेतली. आधी भागलं असतं तर प्रत्येक पायरीला अपूर्णांक गळून पडला असता.

आता शेवटची पायरी. खेळ ० ते २५५ मधला एक यादृच्छिक बाइट काढतो. तो २१७ पेक्षा लहान असेल तर फेकतो आणि पुन्हा काढतो. असं करत २१७ किंवा त्याहून मोठा बाइट हाती आला, की १२८ ला त्याने गुणून २५५ ने भागतो.

हा २१७ कुठला, यावर मतभेद होऊ शकतो. एखादा म्हणेल, प्रोग्रॅमरने चाचण्या करताना जमला तो आकडा ठेवला. मला हे पटत नाही. केवळ यंत्राच्या सोयीने निवड झाली असती, तर १९२ किंवा २२४ घेतला असता. बायनरीत हे दोन्ही आकडे गोल आहेत: ११०००००० आणि १११०००००. २१७ मात्र ११०११००१, म्हणजे यंत्राच्या दृष्टीने अगदी ओबडधोबड. असा आकडा दशमान पद्धतीने विचार करणाऱ्या माणसाच्याच डोक्यातून आलेला असणार.

आणि त्या डोक्याचा ठसा त्याच खेळात दुसरीकडे सापडतो. पहिल्या पोकेमॉनमध्ये हल्ल्याची अचूकता पडद्यामागे टक्क्यांत ठेवलेली नाही, २५५ च्या हिश्श्यात ठेवलेली आहे. ९५ टक्के म्हणजे २४२, ९० टक्के म्हणजे २२९, ८५ टक्के म्हणजे २१६. शंभर टक्के म्हणजे २५५. यादृच्छिक बाइट या आकड्यापेक्षा लहान आला तर हल्ला लागतो. बाइट नेमका २५५ आला, तर शंभर टक्के अचूक हल्लाही हुकतो. २५६ मध्ये एकदा हुकण्याची ही चूक खेळाडूंच्या चांगल्या परिचयाची आहे. माझ्या मते २१७ तिचाच सख्खा भाऊ आहे. २५५ चे ८५ टक्के २१६.७५ होतात. २१६ घेतला तर हिस्सा ८४.७ टक्क्यांवर घसरतो, २१७ घेतला तर ८५.१ वर जातो. म्हणजे ८५ च्या खाली न जाणारा पहिला बाइट २१७ च आहे. टक्क्यांत विचार करायचा आणि २५५ च्या हिश्श्यात लिहायचं, ही एकच सवय दोन्ही ठिकाणी दिसते.

दुसरं मत जास्त तगडं आहे. २००२ मध्ये रूबी आणि सफायर गेम बॉय ॲडव्हान्सवर आले. त्यांत यादृच्छिक आकड्याला १६ ने भागून उरलेली बाकी १०० मधून वजा होते. बाकी ० ते १५ असते, म्हणून ८५ ते १००. चार बिटांत नेमक्या सोळा शक्यता मावतात, तेव्हा ८५ हा सोळाचाच परिणाम, असं कुणी म्हणेल. मांडणी देखणी आहे, पण कालक्रम तिच्या विरुद्ध जातो. १९९६ च्या खेळात २१७ होताच आणि १९९९ च्या गोल्ड-सिल्व्हरमध्येही तोच राहिला. सोळाच्या सहा वर्षं आधीपासून खालची मर्यादा ८५ च होती. जुनी मर्यादा चार बिटांत चपखल बसते आहे, हे २००२ मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं असावं.

आपल्या चारिझार्डवर दोन्ही पद्धती लावून पाहा. १२८ गुणिले २१७ भागिले २५५: १०८. १२८ चे ८५ टक्के: पुन्हा १०८. तळ हलला नाही, मधली घडण मात्र बदलली. जुन्या पद्धतीत १०८ ते १२८ मधला प्रत्येक आकडा येऊ शके आणि पूर्ण १२८ चा मार ३९ मध्ये एकदाच लागे. नव्यात तो १६ मध्ये एकदा लागतो. पण १०० टक्क्यांवर १२८ आणि ९९ टक्क्यांवर थेट १२६ येतात, त्यामुळे १२७ चा मार तिथे कधीच लागत नाही.